साथीचा खर्च कोणाच्या खाती?

साथीच्या रोगाने माणसे दगावू लागली म्हणजे त्यांचे आकडे दररोज प्रसिद्ध होतात. पण साथ ओसरल्यावर तिचा खर्च कोणी भरला, याचा ताळेबंद सहसा कोणी मांडीत नाही. २०२० साली सुरू झालेल्या करोनाच्या महासाथीपुरते बोलायचे तर अमेरिकेत हा ताळेबंद निदान मांडला तरी गेला. वृत्तपत्रांतून तो मांडला गेला, विधिमंडळात त्यावर भांडणे झाली आणि अखेर मतपेट्यांतूनही त्याचा निवाडा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी मतदारांनी सत्तेवरील अध्यक्षाला घरी बसवले. आणि चार वर्षांनी महागाईने पोळलेल्या त्याच मतदारांनी त्याला सन्मानाने परत बोलावले. या दोन्ही निकालांना इतरही कारणे होती हे उघड आहे. तथापि साथ आणि तिच्या पाठोपाठ आलेली महागाई बाजूला ठेवून त्यांपैकी एकाचाही नीट उलगडा होत नाही.

त्याच साथीने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील आरे-वारेसारख्या गावांचेही अर्थकारण उलटेपालटे केले. परंतु येथे तिचा जाब कोणी कोणाला विचारला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तसदी राज्यकर्त्यांनीही घेतली नाही. असे का व्हावे? कोकणी माणूस मुळात सोशिक आहे, हे त्याचे ठरावीक उत्तर. ते सोयीचे आहे, पण खरे नाही. खरे कारण असे की, ज्याच्यावर साथीचा सर्वांत मोठा भार पडला, तो माणूस सरकारच्या कोणत्याच वहीत नीट नोंदलेला नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याचा हिशोबही होत नाही.

अमेरिकेची दोन तोंडे

प्रथम अमेरिकेकडे पाहू. २४ मार्च २०२० च्या रात्री आपल्याकडे अवघ्या चार तासांच्या पूर्वसूचनेने देशभर टाळेबंदी पुकारली गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २७ मार्च रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी सुमारे २.२ लाख कोटी डॉलरच्या साहाय्य कायद्यावर सही केली. ठरावीक उत्पन्नाखालील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस १,२०० डॉलर आणि नोकरी गमावलेल्यास नेहमीच्या बेकारी भत्त्याखेरीज दर आठवड्यास आणखी ६०० डॉलर, अशी त्यात तरतूद होती. फेब्रुवारीत साडेतीन टक्के असलेली तेथील बेकारी एप्रिलमध्ये १४.८ टक्क्यांवर गेली होती. ही मदत नसती तर त्या समाजाचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. मदतीच्या धनादेशांवर अध्यक्षांचे नाव छापून घेण्याचा हव्यास तेथेही सुटला नाही, ही गोष्ट वेगळी. राज्यकर्त्यांचा स्वभाव सर्व अक्षांशांवर सारखाच असावा.

परिणाम दुहेरी झाला. कामगाराच्या हाती थोडी शिल्लक आल्याने त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद आली. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत स्वखुशीने दिलेल्या राजीनाम्यांची संख्या पावणेपाच कोटींच्या घरात गेली आणि खालच्या थरातील मजुरीचे दर वाढले. मुलांमागे मिळणारी करसवलत वाढविल्यामुळे बालदारिद्र्याचे प्रमाण त्या वर्षी ५.२ टक्क्यांपर्यंत उतरले. ती सवलत बंद होताच पुढच्या वर्षी ते १२.४ टक्क्यांवर चढले. दुसरीकडे, माल कमी आणि पैसा फार अशी अवस्था होऊन जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला. चाळीस वर्षांत तेथे एवढी महागाई कोणी पाहिली नव्हती. लोकांना मिळालेले धनादेश विस्मरणात गेले, दुकानातील भाव मात्र रोज डोळ्यांपुढे राहिले.

अमेरिकेने साथ उत्तम हाताळली, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. जगातील सर्वांत श्रीमंत देशात दहा लाखांहून अधिक माणसे या रोगाने मेली, ही त्या व्यवस्थेची नामुष्कीच होय. मुद्दा एवढाच की तेथे लाभ आणि हानी या दोहोंचा धनी कोण हे मतदाराला दिसत होते, आणि म्हणून त्याला कोणाला तरी शिक्षा करता आली. असंतोषाच्या त्या लाटेवर स्वार होऊन परतलेल्या राजवटीने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले. दूरच्या देशातील मतदाराचा राग असा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो. आपल्या स्वतःच्या मतदाराचा राग मात्र मुंबईपर्यंतही पोचत नाही.

तीन दोर, एकाच वेळी तुटलेले

रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे आणि वारे ही जुळी गावे लागतात. अंगावर येणारा डोंगर, खाली समुद्र आणि सुरूचे बन यांमुळे तेथे थांबल्यावाचून पर्यटकाचा पाय निघत नाही. निसर्गाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आपल्याला येथे अर्थकारण पाहायचे आहे. या पट्ट्यातील गावे तीन दोरांनी बाहेरच्या जगाशी बांधलेली आहेत: आंबा, पर्यटक आणि चाकरमानी. मार्च २०२० मध्ये हे तिन्ही दोर एकदमच तुटले.

हापूसचा हंगाम म्हणजे मार्च ते मे. टाळेबंदीही नेमकी त्याच महिन्यांत आली. बागेत फळ तयार, पण तोडणीला माणूस नाही, वाहतुकीला गाडी नाही आणि वाशीच्या बाजाराचा भरवसा नाही, अशी स्थिती झाली. काही बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांशी थेट संधान बांधून पेट्या दारात पोचवल्या, ही त्यांच्या कल्पकतेची साक्ष होय. पण प्रत्येकाला हे साधले नाही. अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला जवळजवळ दोन दशकांच्या बंदीनंतर, विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, २००७ साली खुली झाली होती. ही प्रक्रिया अमेरिकी कृषिखात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी लागे. साथीमुळे तो निरीक्षकच भारतात येऊ शकला नाही आणि २०२० व २०२१ हे दोन्ही हंगाम कोरडे गेले. २०२२ साली निर्यात पुन्हा सुरू झाली. २०१९-२० मध्ये भारतातून अमेरिकेस गेलेला आंबा १,०९५ टन एवढाच होता, तेव्हा या बंदीने कोकण बुडाले असे म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु वॉशिंग्टनमधील एका खात्याचा प्रवासविषयक निर्णय कोकणातील बागेत जाणवतो, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

पर्यटकाचे तसेच. राज्यातील इतर प्रार्थनास्थळांप्रमाणे गणपतीपुळ्याचे देऊळ १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होते. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले ते ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. या काळात शहाळी, कोकम सरबत, भेळ, उकडीचे मोदक यांवर पोट भरणाऱ्यांनी आणि घराच्या दोन खोल्या ‘निवास न्याहारी’साठी बांधून काढणाऱ्यांनी काय खाल्ले? जून २०२० मध्ये केंद्र सरकारने फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांच्या कर्जाची योजना आणली. पण ती शहरी भागात धंदा करणाऱ्यांसाठी होती. वाऱ्याच्या किनाऱ्यावरचा शहाळेवाला ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभा राहतो, म्हणून तो तिच्यात बसत नव्हता. त्याचे गिऱ्हाईक शहरी. तो स्वतः मात्र ग्रामीण!

तिसरा आणि सर्वांत जुना दोर चाकरमान्याचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार भरली; २००१ साली ती १६ लाख ९७ हजारांच्या जवळ होती. देशाची लोकसंख्या फुगत असता हा जिल्हा आक्रसत होता. दर हजार पुरुषांमागे येथे १,१२२ स्त्रिया आहेत, असेही त्या जनगणनेने दाखवले. यात स्त्रीदाक्षिण्याचा भाग थोडा. पुरुष मुंबईत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एकेकाळी लालबाग-परळहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर येथील चुली पेटत. पुढे तो पैसा डोंबिवली, विरार, आखात येथून आणि संगणकशास्त्र शिकलेल्या मुलांमुळे अमेरिकेहूनही येऊ लागला. जून २०२० मध्ये अमेरिकेने परदेशी तंत्रज्ञांना नव्या व्हिसावर प्रवेश देणे वर्षअखेरीपर्यंत थांबवले, तेव्हा परदेशी नोकरीची पत्रे हाती असलेली मुलेही घरीच अडकली. परळचा कामगार आणि कॅलिफोर्नियाचा अभियंता यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असेल. पण संकट आले की दोघांनाही ‘तू मूळचा कुठला?’ हाच प्रश्न विचारला जातो.

१८९७ ची साक्ष

चाकरमान्याने साथीत गावाकडे धाव घेणे नवीन नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत त्या सव्वाआठ लाखांच्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. गिरण्यांतून काम करणाऱ्या कोकणी माणसांनी वाट धरली ती तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याची, ज्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे याच एका जिल्ह्यात जन्मलेले आढळले, यावरून या नात्याची व्याप्ती ध्यानी यावी.

त्या पलायनाचे दोन परिणाम विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. एक आर्थिक. मजूर निघून गेल्याने गिरण्यांचे चाक थांबू लागले आणि मालकांना रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून मजुरांसाठी बोली लावावी लागली. महिना-दीड महिना अडकवून ठेवलेला पगार देणारे मालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले. हा काळ फार टिकला नाही. पण श्रमाला किंमत असते हे त्या वर्षी मालकांना कळले. दुसरा परिणाम राजकीय. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घरांत सोजीर घुसले, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. टिळक जन्माने रत्नागिरीचे, हा निव्वळ योगायोग. पण साथीच्या हाताळणीवरून सरकारला जाब विचारता येतो, हा धडा त्या वर्षाने महाराष्ट्राला दिला. १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतरही असेच घडले. रोगराई आणि महागाई यांनी गांजलेल्या मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी जानेवारी १९१९ मध्ये संप केला.

साथ संपली की श्रमाचा भाव आणि जनतेचा आवाज वाढतो, असा हा इतिहास. अमेरिकेत २०२१ साली घडले ते याच जातीचे. मग २०२० च्या कोकणात ते का घडले नाही?

विमा गावाचा, नफा शहराचा

याचे उत्तर १९८२ च्या गिरणी संपात आधीच लिहिले गेले होते. त्या वर्षी १८ जानेवारीस सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतील कितीतरी जणांनी महिनोन्‌महिने गावच्या भातावर दिवस काढले. मालकांनी वाट पाहिली, सरकारनेही वाट पाहिली. कारण कामगार उपाशी मरणार नाही, त्याचे गाव त्याला पोसेल, हे दोघांनाही ठाऊक होते. गाव हा शहराचा फुकटचा विमा आहे. हप्ता गावाने भरायचा, नुकसानभरपाई शहराने घ्यायची.

२०२० मध्ये हा विमा पुन्हा वापरला गेला. प्रवासाच्या परवान्यांसाठी रांगा लावून, मिळेल त्या गाडीने, मागतील ते भाडे देऊन मुंबईची माणसे कोकणात उतरली. जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणाच्या खोल्या झाल्या. ग्रामकृती दलातील तरुण रात्रीचे पहारे देऊ लागले. घरोघर फिरून ताप मोजणाऱ्या आशा सेविका नाममात्र मोबदल्यावर राबल्या. महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांना अखेर जून २०२१ मध्ये संपावर जावे लागले, तेव्हा कोठे थोडी वाढ पदरी पडली. शिमग्याला आणि गणपतीला ज्याची वाट पाहायची तो चाकरमानी त्या वर्षी संशयित ठरला. गणेशोत्सवासाठी १२ ऑगस्टपूर्वी पोचून दहा दिवस वेगळे राहण्याची अट घातली गेली. वाडीवाडीत भाऊबंदकीला नवे निमित्त मिळाले. गावकरी निर्दय झाले, असा ठपका शहरातून ठेवला गेला. पण ज्या गावातून डॉक्टर गाठायला रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालयच जवळ करावे लागते, त्या गावाच्या भीतीला निर्दयता म्हणणे अन्यायाचे आहे. या सर्व खर्चाचा एक पैसाही ज्या शहराने या माणसांच्या श्रमावर आपली संपत्ती उभारली, त्याच्या हिशोबात चढला नाही.

मग चाकरमान्याने मजुरीसाठी घासाघीस का केली नाही? १८९७ मध्ये गिरणीमालकाला तो हवा होता आणि त्याच्यावर फेडायचा हप्ता नव्हता. २०२० मध्ये त्याची कचेरी, दुकान किंवा हॉटेल बंदच होते आणि विरारच्या खोलीचा हप्ता चालू होता. रिझर्व्ह बँकेने हप्ते काही महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुढे ढकललेला हप्ता म्हणजे माफ झालेला हप्ता नव्हे. सवलत मिळाली ती ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत. त्यानंतर मिळेल त्या पगारावर परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि कायद्याच्या दृष्टीने तर तो अस्तित्वातच नाही. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेला कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता; त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या श्रमसंहितेनेही ही राज्याची वेस ओलांडलेली नाही. बिहारहून मुंबईस आलेला मजूर स्थलांतरित. रत्नागिरीहून आलेला मजूर कोणीच नव्हे. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की सुमारे एक कोटी चार लाख स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. टाळेबंदीत त्यांच्यापैकी किती मेले याची मात्र माहिती उपलब्ध नाही. मृतांची गणना नव्हती, ही लाजिरवाणी गोष्ट. पण मुंबईहून कोकणात परतलेला माणूस तर त्या एक कोटी चार लाखांतही नव्हता, कारण तो राज्याबाहेर गेलाच नव्हता.

राजकारणातही त्याचा हाच अनुभव. त्याचे नाव मतदारयादीत गावी असेल तर मुंबईचा नगरसेवक त्याला ओळखत नाही. मुंबईत असेल तर गावच्या आमदाराला त्याचे सोयरसुतक नाही. गणपतीला फुकट गाड्या सोडण्यापुरता तो सर्वच पक्षांचा लाडका. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये सरकार पडले. ते पक्षफुटीने पडले. करोना केंद्रांच्या कंत्राटांवरून आरोपांच्या फैरी झडल्या, चौकश्याही झाल्या. पण त्या साथीत गावांनी काय सोसले आणि त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत कोठे ऐकू आला नाही.

पैशाआधी पत्ता

यावर असा आक्षेप येईल की अमेरिकेचे उदाहरण आपल्याला लागू नाही. तो देश डॉलर छापू शकतो, आपल्याला रुपया जपून वापरावा लागतो. आक्षेपात तथ्य आहे. आपल्याकडे जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने पाचपाचशे रुपये आणि शिधापत्रिकेवर दरमाणशी पाच किलो धान्य मिळाले. त्या धान्याने पुष्कळांना तारले, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण अमेरिकेपासून घ्यावयाचा धडा रकमेचा नाही, पत्त्याचा आहे. तेथे बेकार झालेल्या माणसाची नोंद होती, म्हणून मदत त्याच्या दारापर्यंत गेली. आपल्याकडे माणसालाच मदतीच्या शोधात गावाच्या दारापर्यंत जावे लागले.

म्हणून पहिले काम मोजणीचे. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना साथीमुळे लांबली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. त्या गणनेतून जिल्ह्याजिल्ह्यांमधल्या स्थलांतराचे आकडे वेळेवर आणि तालुकावार हाती येतील, हे राज्य सरकारने पाहिले पाहिजे. दुसरे काम कायद्याचे: राज्यांतर्गत स्थलांतरितालाही स्थलांतरित म्हणण्याचे धैर्य दाखवावे आणि त्याची नोंद कामाच्या ठिकाणी व गावी अशी दोन्हीकडे व्हावी. तिसरे काम पैशाचे: आपत्तीत शहरातून माणसे परततात तेव्हा त्यांच्या संख्येनुसार ग्रामपंचायतींना व प्राथमिक आरोग्य केंद्रांना निधी आपोआप मिळेल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी, त्यासाठी मुंबईच्या तिजोरीने काही भार उचलावा, यात गैर काही नाही. यांपैकी कशालाही डॉलर छापावे लागत नाहीत.

वाचकांतील शिक्षकांनी आपली शाळा विलगीकरणासाठी देऊन घरोघर सर्वेक्षण केले. कारकुनांनी परवान्यांचे अर्ज तपासले. विद्यार्थ्यांनी डोंगरावर चढून भ्रमणध्वनीचा संपर्क शोधत शिक्षण घेतले. त्यांच्यासाठी यात नवे काही नसेल. पण ठाऊक असणे आणि मागणी करणे यांत फरक आहे. पुढची साथ कोणती असेल हे वैद्यकशास्त्र आज सांगू शकत नाही. ती आली म्हणजे मुंबईची माणसे पुन्हा कोकणची वाट धरतील, हे मात्र सव्वाशे वर्षांचा इतिहास खात्रीने सांगतो. त्या दिवशी गाव पुन्हा दार उघडील. दार उघडण्याची किंमत पुन्हा एकट्या गावाने मोजायची की नाही, हे ठरविण्याची वेळ आजची आहे.